आजींची कुर्ली आणि तीनशे वीस कागद

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वाचनालयात दर वर्षी चित्रकला स्पर्धा व्हायची. कुडाळ तालुक्यातलं चार वाड्यांचं आमचं गाव. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवायची, आता निवृत्त आहे, त्यामुळे परीक्षणाला मलाच बोलावायचे. पन्नासेक मुलं बसायची, तिघांना बक्षीस मिळायचं, बाकीची चित्रं गठ्ठा बांधून कपाटात जायची. ज्यांना बक्षीस मिळालं नाही त्यांतली बरीच मुलं पुढच्या वर्षी यायची नाहीत. हे मला बरेच दिवस खुपत होतं. गेल्या वर्षी मी समितीला म्हटलं, या वेळी स्पर्धा नको. सगळ्या गावाने मिळून एकच चित्र काढू, आणि ते हलतं करू.

समितीतल्या काहींना हे पटलं नाही. ॲनिमेशन म्हणजे मोठे स्टुडिओ, संगणक, लाखांचा खर्च, असंच सगळ्यांच्या डोक्यात होतं. मी त्यांना पिंगुळीची आठवण करून दिली. पिंगुळी आमच्याच तालुक्यात. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरतात आणि वीणा, हुडूक, टाळाच्या साथीवर रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रं ओळीने दाखवून गोष्ट सांगणं आपल्याकडे नवीन नाही. आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब कसा वाढतो ते थोडं थोडं टिपून पडद्यावर हलतं दाखवलं होतं, तेही घरात बसून. हे ऐकल्यावर समिती तयार झाली. करून तर बघा, म्हणाले.

विषय ठरवायला फार वेळ लागला नाही. गावाच्या मधून वहाळ जातो. उन्हाळ्यात त्यात नुसते धोंडे असतात. पहिला मोठा पाऊस झाला की तांबडं पाणी येतं, चढणीचे मासे वर येतात, कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बाहेर पडतात, आणि एका वर्षी याच पाण्याने साकव वाहून नेला होता. हे प्रत्येकाने पाहिलेलं. लहान मुलांना मासे आठवत होते, बाप्यांना साकव आठवत होता, बायकांना इरली घेऊन पलीकडे अडकून पडल्याची संध्याकाळ आठवत होती. मी फळ्यावर सात चौकटी आखल्या आणि त्यांत प्रसंग ओळीने लावले. त्यापुढे कथा अशी लिहिलीच नाही.

मग हिशोब केला. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी जातात. तेवढी चित्रं हाताने काढायची गरज नसते, एक चित्र दोन चौकटी ठेवलं तर सेकंदाला १२ पुरतात. आम्ही एक चित्र तीन चौकटी ठेवायचं ठरवलं, म्हणजे सेकंदाला ८. चाळीस सेकंदांची फिल्म, ३२० चित्रं. हालचाल किंचित अडखळते, पण डोळा ती मान्य करतो. नवीन माणसांना घेऊन काम करायचं तर यापेक्षा जास्त चित्रांच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. थकलेल्या हाताची चित्रं कोणालाच आवडत नाहीत, काढणाऱ्यालाही नाही.

कागदाचं सांगते, कारण पहिला घोळ तिथेच झाला. झेरॉक्सचे ए-फोर कागद अर्धे कापून मुलांना दिले आणि खालच्या चित्रावर वरचा कागद ठेवून काढा म्हटलं. कागद हाताने जुळवलेले होते, त्यामुळे फोनवर चालवून पाहिलं तेव्हा धोंडे, झाडं, काठ सगळंच उड्या मारत होतं. पाहून मुलांची तोंडं पडली. यावर जुना आणि साधा उपाय आहे. ऑफिसात वापरतात तो दोन भोकांचा पंच घेतला. त्याची दोन भोकं एकमेकांपासून आठ सेंटिमीटरवर पडतात. गावातल्या सुताराने प्लायवूडच्या तुकड्यावर तेवढ्याच अंतरावर दोन खुंट्या बसवून दिल्या, भोकात घट्ट बसतील अशा. कागद खुंट्यांत अडकवला की तो प्रत्येक वेळी त्याच जागी बसतो. चित्र काढताना हीच फळी आणि फोटो काढतानाही हीच फळी. अशा फळ्या आम्ही पुढे आणखी करून घेतल्या. खालचं चित्र दिसावं म्हणून एक फळी मधोमध कापून तिथे काच बसवली आणि खाली एलईडीची पट्टी लावली. बाकीच्यांना झेरॉक्सच्या पातळ कागदातून दिवसाच्या उजेडात पुरेसं दिसायचं.

नियम दोनच केले. जे हलत नाही, म्हणजे धोंडे, काठ, भेडल्या माडाचं खोड, ते सगळ्यांनी एका मूळ कागदावरून गिरवायचं. जे हलतं ते ज्याने त्याने आपल्या हाताने काढायचं, कसंही.

तरी मासे उड्या मारतच होते. प्रत्येक मुलाचा मासा सुंदर होता, पण एकाचा काठाजवळ, दुसऱ्याचा मधल्या धारेत. तेव्हा खाली ठेवायच्या कागदावर माशाचा रस्ता एका वाकड्या रेघेने काढला आणि त्या रेघेवर खुणा केल्या. पहिल्या चित्रात माशाचं डोकं पहिल्या खुणेवर, दुसऱ्यात दुसऱ्या. खुणा जवळजवळ केल्या की मासा हळू जातो, लांब केल्या की झेप घेतो. हे मुलांना एकदा कळलं आणि मग त्यांनी मला विचारायचं सोडून दिलं. साकव मोडतो त्या प्रसंगाच्या खुणा सातवीतल्या एका मुलीने केल्या. सुरुवातीला इतक्या जवळ की साकव नुसता थरथरतो, आणि मग एकदम लांब. इतकी वर्षं मी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली, स्मरणचित्र आणि वस्तुचित्र शिकवलं. वेळ कागदावर अशी मांडता येते हे वर्गात शिकवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मुलांचं चित्रकलेशी भांडण नव्हतं. अडचण मोठ्यांची होती. मे महिना म्हणजे रातांबे फोडायचे, आमसुलं घालायचे, पावसाआधी लाकडं भरायचे दिवस. वाचनालयात कोण येणार? पहिल्या बोलावण्याला दोन-तीन माणसं आली, तीही मुलांना सोडायला. म्हणून फळी घेऊन आम्हीच घरोघर गेलो. पडवीत बसायचं, हातातलं काम संपेपर्यंत गप्पा मारायच्या, मग फळी पुढे करायची. प्रत्येकाला पाच-सहाच चित्रं द्यायची, एका बैठकीत होतील इतकी. घरी ठेवून गेलो की कागद परत यायचे नाहीत, आले तर चुरगळलेले यायचे.

पलीकडच्या वाडीतल्या एका आजींना मी कुर्लीची चित्रं दिली. त्या हात मागे घेऊन म्हणाल्या, "गे बाय, ह्या माका जमाचा नाय. आमचे हात तरवो काढूचे." त्यांच्या नातवाने पेन त्यांच्या हातात दिलं. पहिली कुर्ली काढायला फार वेळ लागला. पेन त्यांनी कोयता धरावा तसं मुठीत धरलं होतं. पण काढत असताना त्या कुर्लीबद्दल जे बोलत होत्या ते मला ठाऊक नव्हतं. ती धोंड्याच्या कुठल्या बाजूला बसते, पाणी चढताना कुठे सरकते. त्यांनी एक डेंगा, म्हणजे नांगी, मोठा काढला आणि दुसरा अगदी लहान. नातू म्हणाला, आजी, चुकलं. त्यांनी मान हलवली. कुर्लीचा डेंगा मोडला की नवा येतो, आणि नवा आलेला लहान असतो. सहाही चित्रांत त्यांनी तो लहान डेंगा न चुकता त्याच बाजूला काढला. पाचव्या कागदावर रातांब्याच्या रसाचा डाग पडला. मुलं म्हणाली, फेकून दुसरा घेऊ. मी तसाच ठेवला. फिल्ममध्ये तो एका सेकंदाच्या आठव्या भागापुरता चमकून जातो.

कागदांच्या क्रमाचं आधीच बघून ठेवा. मुलं आपापले नंबर घालत होती, त्यामुळे १ नंबरचे कागद पुष्कळ झाले. मग कोरे कागद वाटायच्या आधीच मोठ्या मुलांनी उजव्या कोपऱ्यात प्रसंगाचं अक्षर आणि चित्राचा नंबर पेन्सिलने घातला. तरीही एका दुपारी पंखा चालू झाला आणि पुराच्या प्रसंगाचा सगळा गठ्ठा खोलीभर उडाला. नंबर होते म्हणून निभावलं. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाचा गठ्ठा पुरा झाला की तो आपटून सारखा करायचा आणि त्याच्या कडेवर स्केचपेनने वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढायची, अशी पद्धत पाडली. एखादा कागद जागचा हलला तर ती रेघ तिथे तुटलेली दिसते. एका नजरेत चूक कळते.

रंगांत जलरंग टाळले. पातळ कागद फुगतो आणि फोटोत त्याच्या सावल्या पडतात. पेन्सिलची रेघ फोटोत फिकी येते म्हणून वरून काळं जेल पेन, आणि रंगाला तेलखडू. तांबड्या पाण्यासाठी गावातल्या दुकानातले विटकरी आणि भगवे खडू आम्ही संपवले.

फोटो काढायला महाग कॅमेरा लागत नाही. लाकडी स्टुलाला फोन पालथा बांधला, खाली फळी. पण पहिल्या प्रसंगात उजेड सारखा कमी-जास्त होत होता. ढग आला की कागद काळवंडायचा, शिवाय फोन आपणहून उजेड जुळवत बसायचा. म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या, जुन्या चोकची ट्यूबलाइट बंद केली, दोन्ही बाजूंनी तिरपे दोन एलईडी बल्ब लावले आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक केला. फोन विमानाच्या मोडवर टाकायचा. एकदा मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि थरथरीने चौकट सरकली, तो पूर्ण प्रसंग परत काढावा लागला. एकाने कागद बदलायचा, दुसऱ्याने नंबर मोठ्याने म्हणायचा, तिसऱ्याने बटण दाबायचं. हे काम आठ-नऊ वर्षांची मुलं फार चोख करतात. रोज संध्याकाळी फोटो पेन ड्राइव्हवर घ्यायचे. लाइट जाते म्हणून चित्रीकरण सकाळीच.

पावसाचा आवाज सुपात तांदूळ फिरवून केला, पुराचा आवाज पिंपात बादली ओतून. जोडीला बायकांच्या हाका, या काठावरून त्या काठाला. फोनवर वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून वर गोधडी धरली होती.

इथवर सगळं नीट चाललं होतं. जोडणीसाठी तालुक्याच्या गावातला एक तरुण स्वतःहून पुढे आला. संगणकावर व्हिडिओ जोडायचं काम त्याला चांगलं येतं, पैसे घेणार नाही म्हणाला. सगळे फोटो त्याला दिले. काही दिवसांनी फिल्म घेऊन आला. आम्ही वाचनालयात बसून पाहिली.

सगळ्या रेघा एकसारख्या काळ्या आणि गुळगुळीत झाल्या होत्या. रंग सपाट भरलेला. डाग गेला होता. मासे वेगवेगळ्या बारा मुलांनी काढले होते, पण आता सगळे एकाच माणसाने काढल्यासारखे दिसत होते. कुर्लीचे दोन्ही डेंगे सारखे होते. त्याने रात्री जागून हे केलं होतं, हे त्याच्या डोळ्यांकडे बघून कळत होतं. मुलं गप्प. त्या आजी नातवाबरोबर आल्या होत्या. त्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं आणि म्हणाल्या, "ही कुर्ली माझी न्हय. माझ्या कुर्लेचो एक डेंगो ल्हान होतो." एवढंच म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या पोराची मेहनतही डोळ्यांसमोर येत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मूळ कागद दाखवले. एकेक कागद त्याच्यासमोर ठेवून सांगितलं, हा कोणाचा, हा कोणाचा. मग दोन फिल्मबद्दल सांगितलं. 'लव्हिंग व्हिन्सेंट' नावाची २०१७ ची फिल्म आहे. शंभराहून जास्त चित्रकारांनी तिच्या सुमारे ६५ हजार चौकटी तेलरंगात रंगवल्या. तिथे सगळ्यांचा हात व्हॅन गॉगसारखा दिसायला हवा होता, म्हणून चित्रकारांना तसं तयार करून घेतलं होतं. त्या फिल्मसाठी ते बरोबरच होतं. दुसरी, नीना सबनानी यांची २००९ ची 'टांको बोले छे'. तीत कच्छमधल्या कारागिरांचं कापडावरचं काम हलतं, त्यांची गोष्ट त्यांच्याच आवाजात ऐकू येते. टाका जसा घातला तसाच दिसतो. मी म्हटलं, आपली फिल्म या दुसऱ्या वाटेवरची आहे.

तो आधी दुखावला. "लोक हसतील, बाई, रेघा थरथरतात," म्हणाला. मी त्याच्यासमोर मूळ फोटो फोनवर ओळीने चालवले. सहा चित्रांतली कुर्ली धोंड्यावरून सरकते, रेघ दर वेळी थोडी हलते, आणि त्या हलण्यानेच ती जिवंत वाटते. साफ केलेली कुर्ली नुसती घसरत होती. त्याने दोन्ही परत परत पाहिल्या. मग त्यानेच मूळ फोटोंवरून सगळं नव्याने जोडलं. त्याच्या कौशल्याचा खरा उपयोग झाला तो दोन प्रसंगांतला उजेडाचा फरक काढायला आणि आवाज बसवायला. मूळ कागद आणि फोटो जपून ठेवले नसते तर हे काही करता आलं नसतं.

आणखी एक अडचण नावांवरून आली. एका संस्थेने प्रोजेक्टर द्यायचं कबूल केलं होतं. पण फिल्मच्या सुरुवातीला त्यांचं नाव आणि शेवटी फक्त 'ग्रामस्थांच्या सहभागातून' एवढंच घालावं, असा त्यांचा आग्रह होता. नावांची यादी कंटाळवाणी होते, म्हणाले. यादी मोठी होती खरी, नावं सरकायला पंचवीस सेकंद लागतात आणि फिल्मच चाळीस सेकंदांची. पण ज्याने सहा चित्रं काढली त्याचं नाव येणार नसेल तर त्याने काढायची कशाला? आम्ही नको म्हटलं आणि प्रोजेक्टर दुसरीकडून आणला. मुलांची नावं घालण्यासाठी पालकांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. नावापुढे आडनाव न घालता फक्त वाडी घातली, म्हणजे फिल्म बाहेर कुठे गेली तरी काळजी नाही.

देवळाच्या मंडपात चादर बांधून फिल्म दाखवली. पहिल्यांदा चालली तेव्हा कोणाला काहीच कळलं नाही, कारण जो तो आपलं चित्र शोधत होता आणि ते दिसेपर्यंत पुढे गेलेलं. हे होणार हे लक्षात घेऊन आम्ही दोन सोयी केल्या होत्या. मंडपाच्या खांबांना सुतळ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी तीनशे वीसही कागद क्रमाने लावले होते. आणि तीच फिल्म अगदी सावकाश, एकेक चित्र थांबवून, पुन्हा दाखवली. प्रत्येक चित्राला कोणी ना कोणी 'ह्या माझा' म्हणून ओरडत होतं. आजींची कुर्ली आली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, शेजारणीला बोटाने लहान डेंगा दाखवला. नंतर फिल्म कितीदा लावली ते मोजलं नाही.

या वर्षी स्पर्धा परत घ्यावी का, असं समितीत एकदा निघालं. मुलांनीच नको म्हटलं. आता विषय आहे बाजाराला जाणारी एसटी, आणि एका प्रसंगाच्या खुणा करायला आजींच्या नातवाने नाव दिलं आहे.

तुमच्या वाचनालयात, मंडळात किंवा शाळेत असं काही करायचं मनात असेल तर सामान थोडंच लागतं. एक रीम कागद, म्हणजे ५०० ए-फोर, अर्धे केले की १०००. दोन भोकांचा पंच, खुंट्यांची फळी, जेल पेनं, तेलखडू, दोन बल्ब आणि कोणाचा तरी फोन. स्पर्धेच्या बक्षिसांना काढून ठेवता त्या पैशांत हे सगळं बसतं. नावांची यादी पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत चला, नंतर आठवत नाही. आणि संगणकावर जोडणी करणाऱ्याला कामाआधीच सांगा, की उजेड सारखा कर, आवाज नीट बसव, पण कोणाच्याही रेघेला हात लावू नकोस.